मळा कोणाच्या पायानं गेला

अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी माणूस झोपत नाही, झोपेत बुडतो. बाहेर रस्ता भाजत असतो, खिडकीतला कूलर घरघरत असतो, वाळ्याच्या ओल्या जाळीचा वास खोलीभर फिरत असतो, आणि त्या वासाचं बोट धरून मी पानमळ्यात कधी पोचते ते कळत नाही. आधी पाय पोचतात. तळव्यांना गार, ओलसर माती लागते. मग कानावर पाटाच्या पाण्याचा आवाज येतो. डोळे सगळ्यात शेवटी उघडतात आणि समोर सगळं हिरवं असतं. जमीन हिरवी, हवा हिरवी, माझे स्वतःचे हात हिरवे. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, हा उजेड हिरवा का दिसतो ते मला दोन वाक्यांत सांगता येतं. स्वप्नात ते कोणी विचारत नाही.

आमचा मळा अंजनगावच्या बाहेर, नदीच्या अंगाला होता. नागवेलीचा, म्हणजे खायच्या पानांचा. बाहेरून पाहिलं तर काही विशेष नाही, केळीची एक दाट कड आणि मागे उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. पण केळी ओलांडून आत पाऊल टाकलं की ऊन बाहेरच राहायचं, पाव्हण्याच्या चपलेसारखं. आत शेवरी आणि पांगऱ्याच्या उंच रांगा, प्रत्येक झाडाला लव्हाळ्यानं बांधलेली एक वेल, आणि दोन रांगांच्या मधून एका माणसापुरती वाट. त्या वाटेत आवाजसुद्धा हळू व्हायचे. बाबा एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत, मळ्यात मात्र कुजबुजायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "येल आयकते."

हा मळा मी तेरा वर्षांची असताना गेला. एका पावसाळ्यात, होता तो नव्हता झाला. तो माझ्यामुळे गेला हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. पुढे शिकले तेव्हा कळलं की तसं काही नसतं. तरी ते मनातून काही गेलं नाही, स्वप्नातसुद्धा.

आमचं घर म्हणजे समजुतींचं कोठार होतं. कोठारात ज्वारीसोबत चार उंदीर राहतात, तशा त्या आमच्यासोबत राहायच्या, कोणी हाकलत नसे. कोवळ्या काकडीकडे, कोहळ्याकडे बोट दाखवायचं नाही, दाखवलं की सडतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. मी आजही फळ्यावरच्या आकृतीत बीजांड कुठे ते दाखवायला गेले की माझं बोट आपोआप वाकडं होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "मॅडमले संधिवात झाला," आणि वर्ग हसतो. हसू दे. मी बोट सरळ करते आणि पुढच्या भागाकडे वळते, तर ते पुन्हा वाकडं.

बाबा पायाळू होते, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसावर वीज पडते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे आभाळात गडगडलं की आत्या बाबांना हाताला धरून घरात आणायची, धान्याच्या कोठीमागे बसवायची आणि वरून घोंगडी टाकायची. एवढा थोराड, मिशीवाला माणूस घोंगडीखाली गप बसून असायचा आणि मधूनमधून "झालं का?" असं विचारायचा. पायाळूची लाथ बसली की कंबरेत भरलेली उसण उतरते, हीसुद्धा त्याच खात्यातली गोष्ट. म्हणून सकाळी सकाळी गल्लीतले लोक पाठ वाकवून आमच्या दारात उभे. बाबा देवाचं नाव घेऊन हलकेच लाथ घालायचे. माणूस "आता कसं मोकळं वाटून राहिलं!" म्हणत सरळ चालत जायचा आणि संध्याकाळी पुन्हा वाकडा दिसायचा.

वीज पायाळूला ओळखत नाही, ती उंच झाडाला ओळखते, हे मी आता शिकवते. शिकवताना मला घोंगडीखालचे बाबा दिसतात आणि माझा आवाज मऊ होतो. आत्याची समजूत खोटी होती, पण तिचं ते धावत अंगणात जाणं, भावाचं मनगट धरणं, ते तर खरं होतं. मग मी भानावर येते आणि पुढचा मुद्दा सांगते.

मळ्याची समजूत मात्र अशी हसण्यावारी न्यायची नव्हती. नागवेल आमच्याकडे पीक नव्हे, सोवळ्यातली बाई. अंघोळ केल्याशिवाय तिच्याजवळ जायचं नाही. चपला बाहेर. आत थुंकायचं नाही, भांडायचं नाही. आणि महिन्याच्या त्या दिवसांत बाईनं तिच्या सावलीलाही जायचं नाही. गेली तर वेल जळते, एक जळली की शेजारची जळते, आणि मळा जातो. त्या दिवसांत बायका दूर बसत, म्हणजे घराच्या मागच्या ओट्यावर, पोत्यावर. तो ओटा गल्लीतून दिसायचा, त्यामुळे कोणाचे दिवस केव्हा हे शेजारपाजाऱ्यांना तोंडपाठ. आत्या या कायद्याची राखणदार. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. मळा तिच्या बापानं लावलेला, आणि तिचं सगळं जग त्या केळीच्या कडेच्या आत मावलेलं. तिचा राग करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, नीट जमला नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी पावसानं धार धरली. महालक्ष्म्यांना वऱ्हाडात घरोघरी जेवणं, जेवणानंतर विडा, म्हणजे पानाचा हाच हंगाम. नेमके बाबा तापानं आडवे झाले. आत्या धामणगावला एका नातलग मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. पावसामुळे खुडायला येणाऱ्या बायकाही घरीच. आणि व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. मायनं मला शाळेत पाठवलं नाही. "चाल, दोघी खुडू," म्हणाली.

एक रांग तिची, शेजारची माझी. मधे वेलींची भिंत. मला ती दिसत नव्हती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. वर पाऊस जोरात होता, पण खाली आमच्यापर्यंत येईतो त्याचा पाऊस राहत नव्हता, नुसता गार श्वास होत होता. पाटाबाहेर पाणी साचलं होतं आणि त्यात पानांच्या सावल्या हलत होत्या. माझ्या पोटात सकाळपासून दुखत होतं. आणि मग मला कळलं की काय झालंय. शाळेतल्या मोठ्या मुलींकडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. आत्याचा कायदा तर पाठच होता. मी तिथून पळायला हवं होतं. मी पळाले नाही. पांगऱ्याला टेकून खाली बसले. माती गार होती, पोटाला बरं वाटत होतं, आणि डोक्यावर इतकं हिरवं होतं की आपण नदीच्या तळाशी बसलोय आणि वरून कोणाची तरी नाव चालली आहे असं वाटलं. मला जरासुद्धा भीती वाटली नाही. पुढे मी स्वतःला सगळ्यात जास्त दोष दिला तो याचाच, की मला तिथे छान वाटलं होतं.

मग उठले आणि राहिलेली रांग खुडली. माय एरवी खुडताना गुणगुणायची. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, नुसत्या बांगड्या वाजत राहिल्या. तिला माझं कळलंय असं वाटून मी आणखी गप्प झाले. घरी आल्यावर मोरीत जाऊन कपडे धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, "माय, आज झालं." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि मागच्या ओट्यावर पोतं अंथरून दिलं.

दसऱ्याच्या आत मळा गेला. आधी पानांवरची चकाकी गेली. मग खालची पानं पिवळी पडली. मग वेल उभ्या उभ्या मान टाकू लागली. बुंध्याला हात लावला की काळं, बुळबुळीत, आणि वास असा की भात नासल्यासारखा. पहिली मेली ती आम्ही दोघींनी खुडलेल्या रांगांच्या मधली. बाबा ताप अंगात घेऊन चर खणत होते, पाणी बाहेर काढत होते. आत्या धामणगावाहून आली, चपला केळीजवळ काढून आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं होतं. घरी येऊन तिनं एकदाच विचारलं, "विटाळाचं कोन गेलतं आत?"

माय चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. "कोनी नाई," ती म्हणाली.

माय देवाधर्माची बाई, खोटं बोलायची नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली, या विचारानं मला त्या दिवशी घास गिळेना.

बाबांनी मेलेल्या वेली उपटून पेटवल्या. त्या ओल्या, धड पेटेनात, नुसता धूर गल्लीवर पसरून राहिला. पुढच्या सालापासून त्या जागी वांगी, मेथी, झेंडू. भाजीचा धंदा बरा चालला, आम्ही भावंडं शिकलो, कोणी उपाशी राहिलं नाही. फक्त बाबा पुन्हा कधी कुजबुजले नाहीत. वांग्याच्या शेतात कोण कुजबुजतं!

पुढे मी अकोल्याला शेतीच्या कॉलेजात आले. एका सकाळी वनस्पतींच्या रोगांच्या तासाला सरांनी फळ्यावर एका बुरशीसारख्या जिवाचं चित्र काढलं. हा ओल्या मातीत राहतो, म्हणाले. पाणी साचलं की त्यातून पोहत जातो, मुळाशी शिरतो, आणि नागवेल उभी मरते. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. मग प्रयोगशाळेत त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. काचेखाली छोट्या लिंबाच्या आकाराच्या पिशव्या होत्या, पारदर्शक, आणि एका पिशवीतून काहीतरी निसटून थरथरत पोहत निघालं. मी डोळा काढेना. मागची मुलगी कोपर मारत म्हणाली, "एकटीच पाहतं का व?" मला ती ऐकूच आली नाही. मी परत त्या मळ्यात उभी होते, पाटाबाहेरच्या त्या पाण्यात पाहत. तर तेव्हा त्या सावल्यांखाली हा होता. इतका देखणा, इतका बारीक, आणि त्याला माझ्याबद्दल काहीएक ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मेसमध्ये मी पोटभर जेवले.

गंमत अशी की चपला बाहेर काढायचा नियम बरोबर होता. एका मळ्यातली माती पायाला लागून दुसऱ्या मळ्यात जाते आणि रोग नेते. जुन्या माणसांनी पुष्कळ गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पाय पाहिले, पाणी पाहिलं, पाऊस पाहिला. आणि जे कळलं नाही त्या रिकाम्या जागेवर बाईला नेऊन बसवलं. याचा मला आजही संताप येतो, आणि संताप आला की पुण्याच्या लोकांना आवडणार नाही इतक्या मोठ्यानं मी बोलते.

तेव्हापासून समजुती खोडायचा मला नादच लागला. पिंपळ रात्री प्राणवायू सोडतो, कापलेला कांदा घरातलं विष ओढून घेतो, साप दूध पितो आणि डूख धरतो, फोनवर काय काय येतं, आणि मी प्रत्येकाला उत्तर लिहीत बसते. नातलगांच्या गटातून मला दोनदा काढलं आहे. आमच्या स्टाफरूममध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत. त्या दिवसांत त्या लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "माहीत आहे हो, पण उगाच रिस्क कशाला?" मी त्यांच्याशी मधली सुट्टी संपेपर्यंत तावातावानं भांडले. मुलींच्या वर्गाला तर मी मळ्याची सगळी गोष्ट सांगते, त्या जिवाचं चित्र काढून, फक्त मळा दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून.

मायला मात्र काही सांगितलं नाही. तिला काय सांगायचं होतं? ती तर सगळं पोटात घालून मोकळी झाली होती, असं मी धरून चालले होते.

आता आत्या नाही, बाबाही नाहीत. माय माझ्याकडे अकोल्याला असते. धाकटा भाऊ अंजनगावला शेती करतो. त्या पावसाळ्यात तो इतका लहान होता की मळा त्याला फक्त ऐकून माहीत. गेल्या साली त्यानं शेताच्या एका कोपऱ्यात हिरव्या जाळीचं शेड उभारलं आणि नवरात्र संपल्यावर फोन केला, "नागवेल लावून राहिलो. पह्यलं बेणं मायच्या हातचं पाह्यजे." माय ऐकून खुलली. कोणतं लुगडं नेसायचं ते दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. बसमध्ये खिडकीशी बसून ती अकोटपर्यंत सारखी बोलत होती. कपाशी कशी आहे, तूर कशी आहे, कोणाच्या संत्र्याला फळ धरलं. अकोट सुटल्यावर गप्प झाली आणि मग अंजनगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

शेडजवळ पोचलो तर भाऊ आत होता. जाळीचं दार उघडं, आतला उजेड हिरवा. प्लास्टिकचा का असेना, हिरवाच. मी दचकले. माझ्या दुपारच्या झोपेतली जागा कोणीतरी उचलून इथे आणून ठेवली होती. माय दारापाशी गेली, आत पाहिलं, आणि मागे येऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसली.

"तू जाय," ती मला म्हणाली, "मी इथंच बसतो." आमच्याकडे बायकाही जातो, बसतो असंच बोलतात.

"माय, ये ना व," आतून भाऊ ओरडला. "ताई, तू तरी ये!"

"येते," मी म्हटलं, "एक फोन करते." फोन कोणाला करायचा नव्हता. माझा त्या दिवशी दुसरा दिवस होता. या वयात ते असे न सांगता येतात. सकाळपासून मी स्वतःला सांगत होते की त्याचा आणि इथे येण्याचा काही संबंध नाही, आणि तरी कानाला बंद फोन लावून दाराच्या अलीकडे उभी होते. लोणच्याच्या बरणीवरून भांडणारी मी.

मग मला स्वतःची लाज वाटली आणि मी मायशेजारी जाऊन बसले. "काहून नाही जात तू?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "माह्या पायानं एक मळा गेला," ती म्हणाली. "हा पोराचा आहे."

"तुह्या पायानं?"

"तुह्या बाबाले ताप होता ना तवा. मी दूर बसाची होती. पन आत्या घरी नाही, मानसं नाही, अन् मालाची गाडी येनार. मनलं, कोनाले समजते? ओट्यावर बसलीच नाही, गेली मी." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "येलीले समजलं."

मला त्या बांगड्या ऐकू आल्या. वेलींच्या भिंतीपलीकडून, पावसाखालून, न गुणगुणता वाजणाऱ्या. माझ्यामुळे ती गप्प आहे असं मी समजले होते. चुलीकडे तोंड करून "कोनी नाई" म्हणाली तेव्हा ती मला झाकते आहे असं समजले होते.

"माय, मी बी होती त्या दिवशी. शेजारच्या वळीत. मले बी तवाच..."

"माहीत आहे मले. तुह्या फ्राकीचं पानी पाह्यलं नव्हतं का मी मोरीत?" ती सहज बोलून गेली. "लेकराचं पह्यल्या खेपेचं येल धरत नाही. मोठ्या बाईचं धरते."

असा नियम मी कधी ऐकला नव्हता. आत्याच्या कायद्यात तो नव्हता, अंजनगावात कोणाच्याच नव्हता. तो मायनं माझ्यासाठी केला होता आणि सगळा मळा एकटीच्या अंगावर घेतला होता. बाबांच्या डोळ्यांसमोर वांगी तोडत, आत्याच्या ताटात भाकरी वाढत, इतकी वर्षं. मला रडू आलं. धुऱ्यावर बसून मी तिला तो रोग सांगायला लागले. पाणी कसं साचलं, तो कसा पोहत गेला, मुळं कशी कुजली, बाईच्या अंगात असं काही नसतंच. वर्गात हे मी किती सफाईनं सांगते. तिथे माझी वाक्यं अडखळत होती.

ती नीट ऐकत होती. "मंग कोनाच्या पायाले लागून आला तो?"

"कोनाच्याच नाही, माय. पाऊस लय झाला. बेण्यातून आला असंल, नाहीतर पान्यातून."

"कोनाच्याच नाही," ती स्वतःशी म्हणाली. मग विचारलं, "तू हे कवा शिकली?"

"कॉलेजात."

"म्हंजे तुह्या लग्नाच्या बी पह्यले."

"हो."

"अन् आता सांगून राहिली."

ती रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी माझी सुटका करून घेतली होती आणि मागे कोणी राहिलंय का, हे वळून पाहिलं नव्हतं. आणखी कोणी असेल असं मला वाटलंच नव्हतं.

माय गुडघ्यांवर हात टेकून उठली. चपला काढल्या. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी घेऊन पायांवर ओतलं, एक पाय दुसऱ्यावर घासून धुतला, पदर डोक्यावरून घेतला आणि दारातून आत गेली. जाळीतून मला ती दिसत होती, हिरवी, थोडी वाकलेली. भाऊ काहीतरी दाखवत होता आणि ती मान हलवत होती. मग तिनं वळून हाक मारली, "ये ना व!"

मी जागची हलले नाही.

ती दारापर्यंत परत आली. हळूच म्हणाली, "सकाळी पोटदुखीची गोळी घेतली तवाच समजलं मले." मग विचारलं, "त्या रोगाचं जे सांगतलं तू, ते खरं आहे का खोटं?"

"खरं आहे."

"मंग ये."

पाय उचलेना. एवढी पुस्तकं वाचलेली, एवढ्या पोरी शिकवलेल्या, आणि पाय तेरा वर्षांचेच राहिले होते. मायनं हात पुढे करून माझं मनगट धरलं. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि उंबरठा नसलेला तो उंबरठा ओलांडला. आत माती गार होती. कुठेतरी नळीतून पाणी ठिबकत होतं. भावानं मायच्या हातात पहिलं बेणं दिलं, दोन पेरांचा एक हिरवा तुकडा. तिनं तो हातावर घेऊन थोडा वेळ पाहिला आणि माझ्या हातात ठेवला.

"तूच लाव," म्हणाली.

भावाला काहीच कळलं नाही. "कोनीही लावा, पन लवकर लावा," तो म्हणाला. मी वाकले, बोटानं माती सारली आणि लावलं.

आणि आता खरं सांगते. अकोल्याला परतल्यावर मी रोज संध्याकाळी भावाला फोन करत होते. पाणी साचलं नाही ना, बुंधा पाहिला का, पानं पिवळी तर नाहीत. सगळे प्रश्न शास्त्रीय होते. तो वैतागून म्हणायचा, "ताई, बाकीच्या येलींचं बी इचार ना, त्या एकीचंच काहून इचारून राहिली?" मी फोन ठेवला की माय स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हनते तो?" मी म्हणायची, काही नाही, ठीक आहे. ती पुन्हा कामाला लागायची.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. तुह्या येलीले फुटवा आला, म्हणाला, बोटाएवढं पान आहे. माय खाली बसून मेथी निवडत होती. मी तिला सांगितलं. तिनं हातातली जुडी परातीत ठेवली, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.